डिस्क रोज बदलायची की शुक्रवारी? फुल आणि इन्क्रिमेंटलचा हिशोब

छोटं ऑफिस, एक मेन कॉम्प्युटर, दोन एक्स्टर्नल डिस्क, आणि प्रश्न ठरलेला, रोज फुल बॅकअप (सगळाच डेटा) घ्यायचा का एकदा फुल आणि मधे इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला). मला विचाराल तर हा अर्धाच प्रश्न झाला, उरलेला अर्धा म्हणजे डिस्क बदलता कधी, आणि लोक फसतात ते तिथेच. मी पण फसलोय.

आमचं म्हापशाला अकाउंटचं ऑफिस, डेटा साधारण ४०० जीबी, रोज बदलतो ३ जीबीच्या आसपास. फुल म्हणजे रोज ४०० च्या ४००. यूएसबी ३ वर साध्या डिस्कला सेकंदाला १०० एमबी मिळाले तरी तास-सव्वातास जातो, आणि चुकून यूएसबी २ च्या पोर्टात वायर खुपसली तर तीन तास कुठे गेले नाहीत. फायदा मोठा आहे हां, कुठलीही एक डिस्क उचला, सगळं तिच्यात. पण १ टीबीच्या डिस्कवर असे दोनच फुल मावतात, म्हणजे फाईल आठ दिवसांपूर्वी खराब झाली आणि कळलं आज, तर चांगली कॉपी केव्हाच पुसून गेलेली.

इन्क्रिमेंटल फक्त मागच्या बॅकअपनंतर बदललेलं उचलतं, सहा दिवसांचे मिळून १८ जीबी, रोज काही मिनिटांचं काम. डिफरन्शियल मागच्या फुलनंतरचं सगळं उचलतं, म्हणजे ३, मग ६, मग ९ असं वाढत सहाव्या दिवशी १८, एकूण ६३. जागा जास्त खातं पण रिस्टोअर करताना, म्हणजे डेटा परत आणताना, फुल आणि शेवटचं डिफरन्शियल एवढंच लागतं. इन्क्रिमेंटलला मात्र फुलपासून शेवटपर्यंतची प्रत्येक कडी लागते, क्रमाने. (आऊटलुकची सगळे मेल साठवणारी १० जीबीची पीएसटी फाईल असेल तर हा हिशोब विसरा, एक मेल आला की फाईल बदलली, आणि फाईल लेव्हलचं सॉफ्टवेअर रोज पूर्ण १० जीबी उचलतं. ब्लॉक लेव्हलवालं घ्या, ते फाईलचे बदललेले तुकडेच उचलतं.)

आता फसलो कसा ते. आम्ही इन्क्रिमेंटल लावलं आणि डिस्क रोज बदलायचो, आज पहिली, उद्या दुसरी, एक ऑफिसात, एक कुणाच्या तरी घरी. ऐकायला एकदम सेफ. पण आमचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं, आर्काइव्ह बिट बघणारं, फाईल बदलली की विंडोज खूण लावतं आणि इन्क्रिमेंटल झालं की ती खूण पुसली जाते, मग बॅकअप कुठल्या डिस्कवर गेला याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणजे सोमवारचं पहिलीवर, मंगळवारचं दुसरीवर, साखळी अर्धी अर्धी वाटलेली. जुलैत गुरुवारी रात्री लाईट गेली-आली करत होती, त्यात मेन कॉम्प्युटरची डिस्क गेली, आणि बुधवारची कडी होती ती डिस्क ज्याच्या बॅगेत तो लग्नाला सावंतवाडीला, बॅग पावसात भिजलेली. डिस्क चालूच झाली नाही. सोमवारची कडीही तिच्यातच, म्हणून फक्त फुलपर्यंतचं आलं, पुढचं तीन दिवस बसून बिलांवरून परत टाईप केलं.

तेव्हापासून डिस्क फक्त शुक्रवारी बदलते. शुक्रवार एवढ्यासाठी की म्हापशाचा बाजार असतो, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. शुक्रवारी रात्री ९ ला दुसऱ्या डिस्कवर फुल, मग पुढच्या गुरुवारपर्यंत इन्क्रिमेंटल त्याच डिस्कवर, उतरलेली डिस्क पेडण्याला घरी. प्रत्येक डिस्कची साखळी तिच्यातच पुरी. ४०० अधिक १८, म्हणजे १ टीबीत दोन आठवडे बसतात, दोन डिस्क मिळून महिनाभराचा इतिहास. तोटा उघड आहे, ऑफिसलाच आग लागली किंवा पाणी शिरलं तर घरची डिस्क आठ दिवसांपर्यंत जुनी असू शकते. आणि लावलेली डिस्क चोवीस तास जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फाईल लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) तिलाही लॉक करतं आणि जूनमध्ये पडणारी वीज वायरीतून येते, बॅकअप झाला की सकाळी काढून सिलिका जेलच्या डब्यात.

एका दिवसापेक्षा जास्त डेटा जाऊन चालणार नाही आणि डिस्क रोज घरी न्यायचीच आहे, असं असेल तर डिफरन्शियल घ्या. दोन्ही डिस्कवर एकाच रात्री फुल घ्यायचा, मधे कुणी काम करत नसताना, मग कुठलीही डिस्क एकटी उभी राहते, फार तर एका दिवसाने मागे. नाहीतर प्रत्येक डिस्कचा हिशोब वेगळा ठेवणारं सॉफ्टवेअर बघा, वीम एजंटसारखं, त्याला फिरत्या डिस्क कळतात. फक्त विंडोजमध्ये दोन्ही डिस्कला एकच ड्राइव्ह लेटर (E:, F: असं अक्षर) देऊन ठेवा, नाहीतर काही सॉफ्टवेअरमध्ये शनिवारी सकाळी लाल एरर बघत बसाल.

आणि जागा कमी पडते म्हणून डिस्कवरचा एकुलता एक फुल आधी पुसायचा आणि मग नवीन चालू करायचा, असं सेटिंग कुठे दिसलं तर लगेच बदला. यूपीएस आमचा १५ मिनिटं टिकतो, फुलला लागतो तासाच्या वर, मधेच लाईट गेली तर जुनाही नाही आणि नवीनही नाही.

तिसरी डिस्क घ्यायची का? रोटेशनला नको, दोन पुरतात. आम्ही घेतलीय ती ३१ मार्चच्या फुलसाठी, मार्करने साल लिहिलं आणि कपाटात, तिला कुणी हात लावत नाही.