घटनेचे समर्थक आणि विरोधक एकाच खंडात

अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा सप्टेंबर १७८७ मध्ये फिलाडेल्फियात तयार झाल्यावर तो स्वीकारावा की नाकारावा यावरून जे वाद पेटले, त्यांतील दोन्ही बाजूंचे लेख आणि भाषणे एकत्र देणारा हा संग्रह मुख्यतः विरोधकांच्या लेखनासाठी घ्यावा. घटनेचे समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहिलेले ८५ लेख सहज मिळतात. ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिणारा विरोधक मात्र बहुधा तळटीपेतच भेटतो. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशावर एकच प्रजासत्ताक टिकणार नाही, आणि कर बसवण्याचा व्यापक अधिकार व कायमचे सैन्य हाती आले की केंद्र राज्यांना गिळून टाकील, हा त्याचा युक्तिवाद येथे सलग वाचता येतो. लगेच पुढे मॅडिसन यांचा दहावा लेख ठेवल्यामुळे, विस्तार हाच गटबाजीवरचा उपाय आहे हे त्यांचे उत्तर किती धाडसी होते ते उमगते. संपादकांची ही मांडणी मला सर्वांत आवडली. घटना मंजूर करावी की नाही हे ठरवण्यासाठी भरलेल्या व्हर्जिनिया राज्याच्या अधिवेशनातील, घटनेचे विरोधक पॅट्रिक हेन्री यांची भाषणे लांबलचक आहेत (ती मुळात ऐकण्यासाठीच होती), पण तेथे घटना ८९ विरुद्ध ७९ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाली हे लक्षात ठेवून वाचल्यास त्यांची धग जाणवते. प्रस्तावना मात्र तोकडी आहे: या घटनेपूर्वीच्या, राज्यांच्या सैल महासंघाच्या काँग्रेसला कर बसवताच येत नव्हता, ही मूळ अडचण एका वाक्यात उरकली आहे आणि शेजच्या बंडाचा (मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या १७८६-८७ च्या उठावाचा) उल्लेखही नाही. विषयसूची नसल्याने विरोधकांच्या मागण्या १७९१ च्या हक्कांच्या सनदेशी (घटनेतील पहिल्या दहा दुरुस्त्यांशी) ताडून पाहणे कष्टाचे होते. छपाई स्वच्छ आहे, बांधणी बरी आहे.