शिक्षकांचं सामायिक साहित्य आणि गुगल ड्राइव्ह: फाइल नेमकी कुणाची?

पाठांची टाचणं, प्रत्येक मुलाच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी, आकारिक चाचण्या, कृतिपत्रिका. जिल्हा परिषद शाळांच्या कुठल्याही केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, हे सगळं दरवर्षी नव्याने तयार होतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. तिथे फाइल पोचते, पण टिकत नाही. जूनमध्ये डाउनलोड न केलेली फाइल दिवाळीनंतर उघडायला गेलं की ती पुन्हा मागवावी लागते. 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर तयार साहित्य आहे, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ते सापडतंही. पण शेजारच्या शाळेतल्या बाईंनी परवा केलेली भागाकाराची कृतिपत्रिका तिथे नसते. तेवढ्यासाठी गुगल ड्राइव्हचं सामायिक फोल्डर हा फुकटातला सगळ्यात व्यवहार्य पर्याय आहे. मात्र ते जसं सुचेल तसं उघडून दिलं, तर वर्षभरात त्याला भगदाडं पडतात.

कारण साधं आहे. फोल्डर केंद्राचं असलं तरी त्यात टाकलेली फाइल टाकणाऱ्याच्याच मालकीची राहते आणि त्याच्याच खात्याच्या मोफत १५ जीबी जागेत मोजली जाते. या १५ जीबीत जीमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही येतो. दहा-बारा ग्रुपांत असलेल्या शिक्षकाची जागा लवकर भरते. मग तो ड्राइव्ह उघडून सगळ्यात मोठ्या फाइली उडवतो, त्यात केंद्राच्या फोल्डरमधले व्हिडिओही जातात. ट्रॅशमध्ये त्या ३० दिवस असतात आणि तिथून परत आणणं फक्त मालकाच्या हातात. फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली तरी आतल्या फाइलींची मालकी बदलत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

यावर उपाय असा. केंद्राच्या नावाने एक वेगळं जीमेल खातं काढायचं. रिकव्हरीसाठी एका शिक्षकाचा मोबाइल आणि दुसऱ्याचा ईमेल द्यायचा, म्हणजे बदली झाली तरी खातं अडकत नाही. फोल्डर या खात्यात ठेवून बाकी सगळ्यांना फक्त 'व्ह्यूअर', म्हणजे नुसता बघण्याचा, हक्क द्यायचा. साहित्य आत घ्यायला याच खात्यातून एक गुगल फॉर्म करायचा: इयत्ता, विषय, घटक आणि शेवटी 'फाइल अपलोड'चा प्रश्न. फॉर्ममधून आलेली फाइल फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जाते, जागाही त्याचीच लागते. फाइलच्या नावाला पाठवणाऱ्याचं नाव आपोआप जोडलं जातं, त्यामुळे श्रेय कुणाचं हेही कळतं. फाइलची मर्यादा १० एमबी ठेवावी. व्हिडिओ यूट्यूबवर चढवून त्याची फक्त लिंक घ्यावी. एवढं केलं की १५ जीबी बरीच वर्षं पुरतात. फॉर्म भरताना शिक्षकाला गुगल खात्यात लॉगिन असावं लागतं, एवढीच अडचण.

केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेआधी कुणीतरी एकाने आलेल्या फाइली बघून योग्य फोल्डरमध्ये हलवायच्या. हे काम कुणाच्या नावावर नसेल, तर व्यवस्था तिसऱ्या महिन्यात बंद पडते. नावांची पद्धत एकच हवी: 'इ४_गणित_अपूर्णांक_कृतिपत्रिका'. कुणी 'चौथी', कुणी 'इ४' लिहिलं की शोधताना अर्ध्याच फाइली सापडतात.

खरी डोकेदुखी फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल मोबाइलवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि मोबाइलवर तो फॉन्टच नसतो. पीडीएफ केली तर दिसायला ठीक, पण शब्द शोधून सापडत नाही आणि बदलही करता येत नाही. नवं साहित्य युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठीच दिसणाऱ्या टायपिंगमध्ये, घ्यावं. जुनं कन्व्हर्टरमधून काढलं तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीत. चुका हमखास तिथेच होतात. प्रत्येक कृतिपत्रिकेची बदलता येणारी प्रत आणि पीडीएफ, दोन्ही ठेवाव्यात. रंगीत पार्श्वभूमी टाळावी, झेरॉक्समध्ये ती काळी पडते आणि त्यावरची अक्षरं जातात.

गुगल डॉक्सची फाइल वाटताना एक युक्ती उपयोगी पडते. लिंकच्या शेवटी इंग्रजीत 'एडिट' असतं. ते आणि त्यापुढचं सगळं पुसून तिथे इंग्रजीतच 'कॉपी' लिहायचं. लिंक उघडणाऱ्याला थेट 'प्रत बनवा' असं विचारलं जातं. तो आपल्या प्रतीत हवे ते बदल करतो, मूळ फाइल तशीच राहते. वर्णनात्मक नोंदींसाठी तर हे फारच सोयीचं आहे. (अर्थात त्या नोंदी जशाच्या तशा उतरवल्या की केंद्रातली सगळीच मुलं 'स्वतःचे विचार आत्मविश्वासाने मांडतात', त्याला ड्राइव्ह काय करणार!)

शाळेला इंटरनेटवर स्वतःचं डोमेन (वेबसाइटचं नाव) असेल, तर गुगलची शिक्षणसंस्थांसाठीची मोफत आवृत्ती मिळू शकते. तिच्यातल्या 'शेअर्ड ड्राइव्ह'मध्ये फाइल व्यक्तीची नसून गटाची असते, म्हणजे मालकीचा प्रश्नच मिटतो. मोठ्या संस्थांनी तीच घ्यावी. दोनशिक्षकी शाळांच्या केंद्राला डोमेन, पडताळणी आणि प्रशासक हा व्याप झेपत नाही.

गुणतक्ते, आधार क्रमांक आणि मुलांचे फोटो मात्र या खात्यात अजिबात ठेवू नयेत. 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय निवडलेला असेल, तर ती लिंक ग्रुपवरून कुठवर जाते यावर कुणाचाच ताबा राहत नाही.