मानेच्या प्लेटमधली स्प्रिंग-रिंग: काही महिने वापरल्यानंतर

स्क्रू मागे येऊ नये म्हणून प्रत्येक भोकात चिरलेली स्प्रिंग-रिंग असलेल्या, मानेचे मणके धरून ठेवायला पुढून बसवायच्या टायटॅनियम प्लेट्स नाशिकच्या आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहेत. आधी कॅम-लॉक होतं. स्क्रू बसले की वेगळ्या ड्रायव्हरने छोटी चकती पाव फेरा फिरवायची, की ती डोक्यांवर येते. इथे ती पायरीच नाही. स्क्रूचं निमुळतं डोकं रिंगला फाकवतं, खाली उतरलं की रिंग मिटून त्याच्या खांद्यावर बसते आणि हाताला ‘टक्’ जाणवतं. आखूड, जाड मानेत, जिथे जखम उघडी धरणाऱ्या रिट्रॅक्टरमध्ये दुसरा ड्रायव्हर घालणं जिकिरीचं असतं, तिथे ही सोय खरोखर मोलाची.

पण नुसत्या ‘टक्’वर विसंबू नका. स्क्रू ठरलेल्या कोनापेक्षा जास्त कलला, तर रिंग एकाच बाजूने मिटते आणि हाताला तरीही टक् लागतं. भोकात हाडाचा बारीक चुरा अडकला तरी तेच. म्हणून स्क्रू घालण्याआधी सलाइनने धुऊन सक्शन, आणि शेवटी चांगल्या उजेडात प्रत्येक डोक्याभोवती रिंग सगळीकडून सारखी दिसते ना, हे डोळ्यांनी बघायचं. सी-आर्ममध्ये (ऑपरेशन चालू असताना वापरायच्या एक्स-रे यंत्रात) स्क्रूची लांबी आणि दिशा कळते. रिंग मिटली का, ते कळत नाही. कॅमची चकती फिरली की नाही, हे एका नजरेत दिसायचं; तेवढ्यापुरतं जुनं लॉक उजवं.

दुसरी गफलत प्लेट हाडावर टेकण्याआधीची. मणक्यांच्या पुढच्या बाजूला वाढलेले हाडाचे उंचवटे (ऑस्टिओफाइट) नीट तासले नाहीत तर प्लेट डुगडुगते. एक स्क्रू आधीच पूर्ण आवळला की विरुद्ध बाजूची कड उचलली जाते. तात्पुरत्या पिना ठेवून कर्णरेषेत, थोडेथोडे आवळलेले बरे. शिवाय रिंग स्क्रूला प्लेटमध्ये धरते, हाडात नाही. ठिसूळ हाडात ४ मिमीचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर टक् झालं म्हणून पुढे जाऊ नये, काढून ४.५ मिमीचा जाड, ‘रेस्क्यू’ स्क्रू घालावा.

काढायलाही पद्धत आहे. रिंग फाकवणारी नळी डोक्यावर दाबून मगच उलटं फिरवायचं. नळीशिवाय जोर केला तर रिंग वाकते, आणि वाकलेल्या रिंगची प्लेट बाद. एकाच भोकात स्क्रू वारंवार घालणं-काढणंही टाळावं. प्लेटला बाक द्यायचा तर भोकांच्या मधल्या भागात, एकाच दिशेने. भोकाशी वाकवली की रिंगचं घर बिघडतं आणि उलट-सुलट वाकवलं की टायटॅनियम तिथेच कमजोर होतं.

सेट बाहेरून मागवता तेव्हा ही नळी ट्रेमध्ये आहे का, ड्रायव्हरचं टोक झिजलंय का, हे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला टाकण्याआधी सिस्टरनी तपासावं. आमच्याकडे आलेल्या एका ट्रेमध्ये नळीच नव्हती, आणि पुरवठादाराला त्याचं फारसं काही वाटलंही नाही. इम्प्लांटचे स्टिकर केसपेपरवर चिकटवून एक प्रत पेशंटच्या हातात द्या. पुढे ती प्लेट दुसऱ्या गावी काढायची वेळ आली, तर कोणत्या कंपनीची नळी मागवायची हे त्यावरूनच कळेल.