सुटं गॅरेज बांधून देणारी सर्व्हिस: आखणी आणि कोबा एक नंबर, लाईट आणि पन्हळीचं काम मात्र कच्चं

घरापासून वेगळं, सुटं असं दोन गाड्यांचं गॅरेज बांधून घेतलंय, लोखंडी फ्रेम आणि पत्र्याचं, बाहेरून 24 बाय 24 फूट. प्लॅन, परवानगीचे कागद, खालचं काम, दारं, वायरिंग सगळं एकाच टीमकडून. कंपनीचं नाव घेत नाहीये, मला कुणाची जाहिरातही करायची नाही आणि कुणाला खालीही दाखवायचं नाही. काम कसं झालं आणि तुम्ही कुणाकडूनही करून घ्या पण काय काय बघायचं, एवढंच सांगायचंय.

आधी आखणी, कारण तिथेच मला ही माणसं आवडली. कागदावर चौकोन काढून मोकळे झाले नाहीत, जागेवर येऊन फक्की मारली आणि सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, दोन्ही गाड्या आत आणून उभ्या करा, आता सगळी दारं उघडा, डिकी पण उघडा, आणि गाड्यांच्या भोवतीने चालून बघा." हे प्रत्येकाने करावंच. 20 बाय 20 मध्ये पण दोन गाड्या मावतात, पण नुसत्या मावतात, उतरायचं कसं हा प्रश्न राहतो. साधी गाडी साधारण 6 फूट रुंद, उघडलेल्या दाराला आणि माणसाला मिळून 3 फूट तरी लागतात, म्हणजे दोन गाड्या आणि तीन बाजूंची मोकळी जागा धरली की 21 फूट तिथेच गेले, भिंतींची जाडी आणि एखादी रॅक धरा की 24 शिवाय भागत नाही. लांबीचंही तेच, गाडीच्या पुढे एक टेबल आणि चालायला जागा हवीच. मग त्यांनी दारासमोरून मोठी गाडी रिव्हर्स घ्यायला लावली. गाडी एका दमात वळवायला समोर 24 फुटांच्या आसपास मोकळं लागतं, ते मिळेना म्हणून अख्खी आखणी थोडी मागे सरकवली, आणि तेव्हा सरकवायला फक्त नवीन फक्की लागली.

हद्दीपासून किती अंतर सोडायचं आणि उंची किती चालते हे जिथले तिथले नियम वेगळे, पण परवानगी हातात येईपर्यंत यांनी मालाची ऑर्डर दिली नाही हे मला फार पटलं. जमिनीखालून पाण्याची, ड्रेनेजची लाईन कुठून जाते तेही आधीच विचारून घेतलं.

घराला चिकटून का नाही केलं असं विचारतात लोक. माझ्यासाठी मुख्य कारण धूर. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आत शिरला तरी कळत नाही, सुटं गॅरेज असलं की तो घरात यायची भीती राहत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठते, म्हणून खालच्या बाजूला पण जाळ्या ठेवायला सांगितल्या आणि त्यांनी कुरकुर न करता ठेवल्या. पावसात भिजत जावं लागतं, ते चालतंय मला.

आता कोबा, म्हणजे खालची काँक्रीटची फरशी. माझ्या मते गॅरेज म्हणजे कोबाच, बाकीचं सगळं वर ठेवलेलं सामान. पत्रा बदलता येतो, दार बदलता येतं, खालचं काँक्रीट फसलं की फोडण्याशिवाय इलाज नाही. यांनी वरची भुसभुशीत माती पूर्ण काढली, भराव एकदम न टाकता 6-6 इंचाच्या थरांनी टाकला आणि प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर (माती दाबायचं मशीन) फिरवला. त्यावर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, जोडावर कागद एकमेकांवर चढवून टेप मारलेला, म्हणजे खालची ओल वर येत नाही. काँक्रीटच्या आतली लोखंडी जाळी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उचलून ठेवलेली, बऱ्याच ठिकाणी ती जमिनीवरच पडलेली असते आणि ओतताना आकड्याने वर ओढू म्हणतात, ती काही वर येत नाही. जाडी 4 इंच, नेहमीच्या गाडीला पुरते. पुढेमागे गाडी वर उचलायची लिफ्ट बसवायची असेल तर आत्ताच सांगा, तिथे 6 इंच तरी करून घ्या आणि लिफ्टवाल्याचं कागदपत्र इंजिनिअरला दाखवा.

ओतायच्या दिवशी मिक्सरवाला म्हणाला थोडं पाणी वाढवतो, पटकन पसरेल. सुपरवायझर सरळ ड्रमपाशी जाऊन उभे राहिले आणि एक बादलीसुद्धा वाढवू दिली नाही, पोरांनी घाम गाळून फावड्याने ओढलं पण माल होता तसाच ठेवला. पाणी वाढवलं की ताकद जाते आणि वरून पापुद्रे सुटतात, गाडीचं चाक रोज त्याच जागी वळतं तिथे तर लगेच.

ढाळ दाराकडे, फुटाला पाव इंचाच्या निम्मा, म्हणजे 24 फुटांत 3 इंच. आता गंमत अशी की फरशीला ढाळ पण भिंतीची फ्रेम मात्र लेव्हलमध्येच पाहिजे, नाहीतर दारं नीट बसत नाहीत. यांनी कडेने काँक्रीटचा उंच कट्टा काढला, त्याची वरची बाजू पूर्ण लेव्हल, फ्रेम धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट त्यात, आणि फ्रेम त्याच्यावर. त्यामुळे गाडी धुतली तरी पत्र्याच्या खालच्या कडेला पाणी लागत नाही, आणि पत्रा गंजायला सुरुवात तिथूनच होते. दाराच्या रेषेबाहेर एक इंचाची पायरी खाली घेतलीये, दाराचं रबर आतल्या कडेवर टेकतं आणि वाऱ्याने आलेलं पाणी बाहेरच्या बाहेर उतरतं. ही एक इंचाची पायरी सगळ्यांनी मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच कटर घेऊन हजर. एक इंच खोल काप, उभे-आडवे मिळून 8 फुटांचे नऊ चौकोन. काँक्रीट सुकताना आकसतं आणि तडा जाणारच, मग तो कापातच जाऊ दे, बाहेर कुठेही वेडावाकडा नको. नंतर आठवडाभर गोणपाट टाकून पाणी मारलं. पूर्ण ताकद 28 दिवसांनी धरतात, तोपर्यंत मोठी गाडी घालायची नाही असं बजावून ठेवलं होतं आणि ते बरोबरच आहे.

दारं 9 फुटांची दोन घेतली, 16 फुटांचं एक नाही. एक अडकलं तर दुसरी गाडी तरी निघते. सेक्शनल, म्हणजे आडव्या पट्ट्यांची, रुळावरून वर छताखाली सरकणारी, आणि दाराचं वजन पेलणाऱ्या पिळाच्या (टॉर्शन) स्प्रिंगवाली. एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत, साधी स्प्रिंग साधारण 10,000 वेळा उघडझाप करायला बनवलेली असते, दिवसाला चार वेळा धरलं तर सातेक वर्षं. जास्त वेळा उघडझाप टिकणारी मिळते, मी तीच घेतली. दार बसवल्यावर मोटर सोडवून हाताने अर्ध्यापर्यंत उचलून सोडायला सांगा, जागच्या जागी थांबलं तर स्प्रिंग बरोबर ताणलीये, खाली आलं किंवा वर पळालं तर परत करायला लावा. पण स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, तिच्यात इतका ताण असतो की बोटं जातील. लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तर दाराखाली कुणी आलं की दार थांबवणारा सेन्सर जमिनीपासून 6 इंचाच्या आत बसवलाय ना हेही बघा. दाराच्या वर रुळासाठी फूटभर मोकळी उंची लागते, मोटर असेल तर थोडी जास्तच, यांनी ती प्लॅनमध्येच धरली होती.

वायरिंगचं काम ठीक. गॅरेजला वेगळा बोर्ड, 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), आणि 32 अँपिअरची लाईन, म्हणजे उद्या इलेक्ट्रिक गाडी आली तर 7 किलोवॉटच्या वर चार्जर चालतो. घरापासून आणलेल्या चराच्या आत एक जास्तीचा रिकामा पाइप पण टाकून घेतला, आत दोरी सोडून ठेवलीये, पुढे कॅमेरा किंवा नेटची वायर ओढायची तर परत खणायला नको.

आता तक्रारी. लाईट यांनी छतावर अशा जागी लावले की दार वर गेलं की ते बरोबर लाईटखाली येतं आणि अंधार, म्हणजे ज्या वेळी उजेड हवा त्याच वेळी नाही. प्लॅनमध्ये 24 फुटांचा हिशोब करणाऱ्यांनी हे बघायला नको? सांगितल्यावर बाजूच्या भिंतीवर आणि मागच्या अर्ध्यात सरकवून दिले, पण फोनवर फोन करावे लागले. पत्र्याच्या आतल्या बाजूला ओल शोषणारं अस्तर आहे त्यामुळे पहाटे थेंब गळत नाहीत, ते मात्र उत्तम.

पन्हळ अजून बरोबर नाहीये. ढाळ कमी, उतरणारा पाइप बारीक, आणि सगळं पाणी कोपऱ्यात भरावाच्या कडेलाच पडतं, एवढा मेहनतीने दाबलेला भराव तिथून भिजतोय याचं मला खरंच वाईट वाटतं. मोठा पाइप आणि पाणी लांब नेणारी चर करून द्या असं लेखी कळवलंय, शेवटचा हप्ता त्यासाठीच थांबवून ठेवलाय, तसं करारात लिहून घेतलं होतं. पावसाआधी करून देतो म्हणालेत. केलं की इथेच लिहीन, आणि नाही केलं तरी लिहीन.