विंग फॉइल सहा महिने वापरून: विंग झकास, बोल्टनी जीव खाल्ला

विंग फॉइल म्हणजे हातात फुगवलेला पंख (विंग) धरून वाऱ्यावर बोर्ड पळवायचा; बोर्डाखाली पाण्यात एका दांड्याला (मास्ट) पातं असतं, वेग आला की ते बोर्डाला पाण्याच्या वर उचलतं. बोर्ड किती लिटरचा, मास्ट किती सेंटीमीटरचा हे सगळं साइटवर आहे, परत टाइप करत नाही. मी बोल्टबद्दल बोलणार आहे. हे सगळं एकत्र धरणारे सहा एमएमचे आठ बोल्ट.

नोव्हेंबरात पाच मीटरच्या विंगसकट सेट घेतला. बोर्ड फुगवायचा, त्यामुळे सगळं वॅगनआरच्या डिकीत बसतं, तेवढ्यावरच घरून परवानगी मिळाली. हिवाळाभर पवना धरणात हलक्या वाऱ्यात शिकलो, तक्रार शून्य. मग हौसेनं साडेतीन मीटरची दुसरी विंग घेतली आणि ती पहिल्यांदा काढली परवाच्या रविवारी. तीनपर्यंत पाण्यावर सुरकुती नाही, मग तुंग किल्ल्याच्या बाजूनं ढग चढले आणि वळवाचा वारा सुटला, यायचा तो थोबाडीत मारल्यासारखा नाहीतर गायब. वाऱ्याचा वेग दहा नॉटचा वीस झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, हे वाचलेलं होतं, खांद्याला त्या दिवशी कळलं.

छोटी विंग खरंच मस्त हो. झटका आला की नुसती हलकी सोडायची, ओढाताण नाही. पण खाली पाण्यात शिकाऊ माणसाचं मोठं पातं, स्पीड वाढला की ते बोर्डाला वर वर उचलतंय, पुढच्या पायावर सगळं वजन टाकलं तरी पातं पाण्याबाहेर डोकावणार, हवा खाणार आणि मी धपकन खाली. बारा वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं. लहान पातं गाडीतच होतं! पण बोल्ट हलेल तर शपथ. टी-30 ची, म्हणजे चांदणीच्या टोकाची, चावी फिरून फिरून बोल्टाचं डोकं गुळगुळीत. तेवढ्यात गडगडायला लागलं, गुपचूप काठावर आलो.

सेलरला मेल केला, तीन दिवसांनी उत्तर की वापरल्यावर धुवा, आणि नवीन बोल्टचा सेट 1,450 रुपये, कुरिअर वेगळं. आठ बोल्टना! एक स्टार देणार होतो.

मग एरंडवण्यात एका लेथवाल्याकडे नेलं. त्यानं भोकाच्या कडेची पांढरी पावडर नखानं खरवडली आणि विचारलं, "समुद्रात नेलं होतं का?" नेलं होतं, जानेवारीत अलिबागला. वरून बादलीभर पाणी ओतलं होतं, पण बोल्ट उघडले नव्हते. स्टीलचा बोल्ट, अॅल्युमिनियमचा सांगाडा, मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की, आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. त्यानं गॅसच्या टॉर्चनं शेकलं, अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं म्हणून पकड सुटली, आठही निघाले. दोनशे रुपये आणि एक टोमणा.

म्हणजे चूक माझी, मान्य. तीन स्टार करतो. पण एवढ्या किमतीत ग्रीसची एक ट्यूब टाकायला काय झालं होतं?

नवे बोल्ट बोहरी आळीत मिळाले. दुकानदार म्हणाला "सीएसके घ्या", मला वाटलं आयपीएल. सीएसके म्हणजे चपट्या डोक्याचा, खाचेत बसणारा. चांदणीच्या खाचेचे नव्हते, अॅलनवाले (षटकोनी खाचेचे) घेतले, 316 म्हणजे सहज न गंजणाऱ्या स्टीलचे, बारा रुपयाला एक. आता मरीन ग्रीस लावून बसवलेत आणि दर वेळी घरी आल्यावर उघडतो.

सुटे देत नव्हता म्हणून वीस घ्यावे लागले. बारा उरलेत, कोणाला हवे असतील तर कोथरूडला येऊन घेऊन जा, बारा रुपयेच, जास्त नाही.