बँक लोन रेटिंग: शिरोलीच्या फाउंड्रीचा तीन वर्षांचा अनुभव

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, ट्रॅक्टर आणि पंपांचं कास्टिंग. हिशेब मी बघते. सीसी लिमिट (रोजच्या धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा) वाढवून मागितली तेव्हा बँकेनं रेटिंग, म्हणजे आम्ही कर्ज किती भरवशानं फेडू याचा बाहेरच्या एजन्सीनं दिलेला दर्जा, आणायला सांगितलं. आण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पैसे देऊन मार्क घ्यायचे, त्याला काय अर्थ?" शंका मलाही होती. २०१८ साली आयएल अँड एफएस बुडाली, तेव्हा थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत त्या फायनान्स कंपनीला 'एएए', म्हणजे सगळ्यात वरचं रेटिंग होतं. ज्याचं रेटिंग तोच फी भरतो, हे मला आजही खटकतं.

तरी सेबीकडे नोंदलेल्या एका एजन्सीला काम दिलं. त्यांचे दोघं अ‍ॅनालिस्ट आले. भट्टीपाशी अर्धा तास, मग दिवसभर प्रश्न. भंगाराचा भाव चढला तर गिऱ्हाईक दर वाढवून देतं का, आणि किती दिवसांनी? सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तुटलं तर पगार कशातून? हे मला कधीचं बोलायचं होतं, पण घरात सुनेनं ते काढायचं कसं?

रेटिंग आलं 'बीबी प्लस', 'बीबीबी मायनस'च्या एक पायरी खाली. बँकेच्या साहेबांनी तेव्हा गणित समजावलं: 'बीबी'च्या कर्जावर बँक १५० टक्के जोखीम धरते, 'बीबीबी'वर १००, 'ए'वर ५०. जोखीम कमी, तेवढं बँकेचं भांडवल कमी अडकतं, आणि व्याज उतरवायला वाव मिळतो.

पण खरी किंमत त्या रॅशनेलची, म्हणजे रेटिंग का दिलं ते सांगणाऱ्या एजन्सीच्या टिपणाची. निम्मा धंदा एकाच गिऱ्हाइकाचा, वसुलीला शंभर दिवस, असं वेबसाईटवर सगळ्यांना दिसेल असं छापलेलं. आण्णांनी ते दोनदा वाचलं. मग पंपवाली दोन नवी गिऱ्हाइकं धरली, वसुली सत्तर दिवसांवर आणली. तिसऱ्या वर्षी 'बीबीबी मायनस' मिळालं, बँकेनं अर्धा टक्का सोडला. नव्या दोघांतल्या एका गिऱ्हाइकाच्या पर्चेसवाल्यांनी तर आमचं रॅशनेल वाचूनच फोन केला होता.

घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: 'नो डिफॉल्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाची परतफेड कुठेही चुकली नाही असं पत्र, एजन्सीला दर महिन्याला पाठवावं लागतं. माहिती देणं थांबवलं की 'इश्युअर नॉट कोऑपरेटिंग' असा शिक्का जाहीर लागतो. टर्म लोनचा हप्ता एक दिवस जरी चुकला तरी तो डिफॉल्टच.

तक्रार एकच. दरवर्षी अ‍ॅनालिस्ट नवा येतो, आणि मोल्डिंगच्या वाळूपासून सगळं पुन्हा सांगावं लागतं. यंदा ते आण्णाच सांगत बसले होते.