किड्यांवरून डिझाइन शिकवणारं बडोद्यातलं वर्कशॉप: पहिला दिवस भारी, दुसरा असातसाच

आधीच सांगते, स्टुडिओचं नाव देत नाहीये, खाली थोडी तक्रार आहे आणि बडोद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. फतेहगंजच्या आतल्या गल्लीत जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर एक टेक्स्टाइल स्टुडिओ आहे, तिथे वीकेंडला दोन दिवसांचं वर्कशॉप असतं, कीटकांवरून पॅटर्न करायचं. म्हणजे भुंगे, पतंग, चतुर नीट बघायचे, त्यांचं डिझाइन करायचं आणि शेवटी ते कापडावर छापायचं. फी साडेतीन हजार, त्यात मटेरियल आणि दुपारचं जेवण. मी जूनच्या बॅचला गेले होते, पाऊस नुकताच सुरू झालेला.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मोर, पोपट, कोयऱ्या संपल्या का गं जगातल्या? आता उशांवर झुरळं छापणार?" दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, झुरळांशी त्यांचं वैर त्याहून जुनं. पण प्रश्न काही अगदी चुकीचा नाही, पैठणीच्या पदरावर मोर असतो, पोपट असतो, कमळ असतं, किडा कुणी मागून घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सकाळी लवकर सगळ्यांना कमाटी बागेत बोलावलं होतं. शिकवणारी बेन इथेच फाइन आर्ट्सला शिकलेली, गुजराती-हिंदी मिक्स बोलते आणि मराठी सगळं समजतं. हातात एकेक भिंग दिलं आणि म्हणाली की अकरापर्यंत पेन्सिल काढायची नाही, फक्त बघा. मला वाटलं टाइमपास चाललाय, पण नंतर स्टुडिओत बसून आठवणीतून एक भुंगा काढायला सांगितला तेव्हा कळलं, निम्म्या लोकांनी पाय पोटातून काढलेले! कीटकाच्या शरीराचे तीन भाग, डोकं, छाती, पोट, आणि सहाच्या सहा पाय छातीतूनच निघतात, पंखपण तिथूनच. एवढी एक गोष्ट बरोबर आली की चित्र एकदम खरं वाटायला लागतं, मग तुम्ही पुढे त्याला कितीही वाकडंतिकडं करा. आमच्यातल्या एका काकूंनी काडेपेटीत मृगाचा किडा आणलेला, तो मखमली लाल, सगळे खूश, आणि बेन म्हणाली पाय मोजा. आठ निघाले. म्हणजे तो कोळ्याच्या खानदानातला, कीटक नाहीच. तरी घ्या म्हणाली, डिझाइनला जातीचा दाखला लागत नाही, पण काय काढतोय ते माहीत पाहिजे. हे मला फार आवडलं.

फुलपाखरू आणि पतंग यांच्या मिशा वेगळ्या असतात हेपण तिथेच बघितलं. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची बऱ्याचदा पिसासारखी नाहीतर नुसती दोऱ्यासारखी. पॅटर्नमध्ये या मिश्याच कामाला येतात, कारण दोन आकारांमधली मोकळी जागा भरायला त्या आयत्या वेली होतात.

आता मुख्य भाग, रिपीट, म्हणजे एकच चौकोन परत परत लावून अखंड पॅटर्न करायचा. खरं वर्कशॉप हेच आहे आणि फक्त एवढ्यासाठी मी परत पैसे देईन. चौकोनी कागदाच्या मधोमध चित्र काढायचं, कडांना हात लावायचा नाही. मग कागद उभा मधून कापायचा, डावा तुकडा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, मागून टेप. मग आडवा कापून वरचा खाली, खालचा वर. आता तुमचा भुंगा चार कोपऱ्यांत फाटून गेलेला असतो आणि मध्ये रिकामी जागा, ती भरायची. हा कागद कितीही वेळा शेजारी शेजारी लावा, जोड दिसत नाही. हाफ ड्रॉप म्हणजे शेजारची उभी रांग अर्ध्या चौकोनाने खाली सरकवायची, त्याने डोळा तिरका फिरतो आणि चौकटी कळत नाहीत. माझा पतंग सरळ रांगेत शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा दिसत होता, हाफ ड्रॉप केल्यावर तोच पतंग उडायला लागला.

बेनची कसोटी एकच होती, लांबून बुट्टी दिसली पाहिजे, जवळ गेल्यावर किडा. सगळ्यांची कामं भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करायची. ज्यांचा किडा लांबूनच किडा दिसला त्यांना परत बसवलं. एका मुलाने खरंच झुरळ घेतलेलं, पंखांच्या शिरा एवढ्या सुंदर बसवल्या होत्या की लांबून चक्क पानांची जाळी वाटली. मी फोटो काढून सासूबाईंना दाखवला, त्या म्हणाल्या छान आहे, साडीला चालेल. मी काही बोलले नाही.

मध्ये स्लाइड्स दाखवल्या, जरा घाईत. १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयच्या बायकोने, लेडी कर्झनने, घातलेला मोरपिसांचा गाऊन, दिल्लीच्या कारागिरांची जरी, शिवणकाम पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाऊसचं, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवं चमकणारं सोनकिड्याचं पंखाचं झाकण. ती चमक रंगाची नसते, पृष्ठभागाच्या सूक्ष्म थरांवर प्रकाश परततो त्याची असते, म्हणून शंभर वर्षांनी कापड जीर्ण होतं तरी ती तशीच राहते. बेन म्हणाली छपाईत त्या चमकेच्या मागे लागू नका, काळ्याशेजारी हिरवा ठेवा आणि गप्प बसा. मग १९२० च्या दशकातला फ्रेंच डिझायनर सेगी, त्याने शास्त्रीय चित्रांतले कीटक मोठे करून स्टेन्सिलने रंगवले, आणि त्यातूनच पडद्या-गालिच्यांसारखे पॅटर्न केले. मग जपानी सामुराईंच्या शिरस्त्राणावरचे चतुर, कारण चतुर मागे हटत नाही अशी समजूत (उडू शकतो हो तो मागेपण, पण सामुराईंना कोण सांगणार). सगळं छान, पण इतकं लांब फिरून आली आणि शेजारच्या संखेड्याचं नाव नाही! तिथलं लाखेचं फर्निचर आपल्याकडे कितीतरी घरांत आहे, झोपाळे आहेत, आणि लाख म्हणजे किड्यानेच बनवलेली राळ. दहा मिनिटं त्याला द्यायला हवी होती.

दुसरा दिवस छपाईचा, तिथे गाडी घसरली. लाकडी ठसे नाहीत, लिनो (ठसा कोरायचा मऊ पत्रा) कापायचा, ते ठीक आहे, पेथापूरच्या ठसे कोरणाऱ्या कारागिरासारखं सागवान कोरायला आपल्याला जमणारपण नाही. पण कटर बोथट, माणसं बारा आणि धड चालणारे कटर चार. मिशा आणि पाय बारीक ठेवले की कापताना तुटतात, रेघ जाड ठेवावी लागते, हे कापायच्या आधी सांगायचं ना, निम्मे भुंगे लंगडे झाल्यावर काय उपयोग. आणि कुशन कव्हरचं कापड धुतलेलं नव्हतं, खळ तशीच होती. खळ असली की रंग धाग्यात जात नाही, वरच बसतो. घरी येऊन उलट्या बाजूने इस्त्रीपण फिरवली, तरी पहिल्याच धुण्यात माझा पतंग भूत झाला. फोन केला तर म्हणाले नवीन कापड देतो, येऊन छापून जा. जाईन, पण कापड मी घरूनच धुवून नेणार.

जेवण साधं, पुरी-भाजी आणि छास, चार वाजता चहा आणि लीलो चिवडा, तो मात्र दोनदा मागून घेतला. जागा हवेशीर आहे, जिना फार उभा, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. पार्किंग नाही, रिक्षा बरी.

ज्यांना ब्लॉक प्रिंटिंगच शिकायचंय त्यांनी इथे येऊ नये, त्यासाठी दुसरीकडे जा. ज्यांना चित्र थोडंफार येतं पण पॅटर्न जमत नाही, चार बुट्ट्या काढल्या की पुढे काय कळत नाही, त्यांनी नक्की या. नुसत्या पहिल्या दिवसाची फी वेगळी घेतात का ते विचारलं, सध्या नाही म्हणाले, पण चार जणांनी विचारलं तर करतील असं वाटतं. पुढची बॅच नवरात्र संपल्यावर आहे. आणि हो, स्वतःचा कटर घेऊन जा.